जुना फ्रिज कधी बदलायचा? एका घरगुती प्रश्नाची फोड

(पवईतील एका वाचनालयात झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

फळ्यावरचा विषय वाचून दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि फ्रिजवर बोलणार! पण गेली चाळीस वर्षं मी वर्गात ‘निर्णय म्हणजे काय’ हे शिकवलं आणि घरातला एक साधा निर्णय मात्र चुकवला. तो कसा चुकला, हे आज मांडायचं आहे. त्यात हिशेब आहे, थोडी यंत्राची माहिती आहे आणि एक जुना ग्रीक पेच आहे.

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. इथून लिंक रोडने सरळ पूर्वेला गेलं की विक्रोळी लागते. १९५८ साली गोदरेजने जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने भारतात बनलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. त्याच १९५८ साली आपली आयआयटी सुरू झाली. त्या पिढीसाठी फ्रिज ही आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू होती. तो दिवाणखान्यात असायचा, त्यावर क्रोशाचं कापड असायचं आणि शेजारचे बर्फ मागायला यायचे. अशा वस्तूला ‘कधी बदलायचा’ हा प्रश्नच नव्हता. चालतोय तोवर चालवायचा. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या लोकांच्या डोक्यात अजून तोच नियम आहे. माझ्याही होता.

‘चालतोय’ म्हणजे काय?

आमचा फ्रिज २००४ च्या दिवाळीतला. २६० लिटरचा, फ्रॉस्ट-फ्री. वीस वर्षं झाली तरी कुणी विचारलं की आम्ही म्हणायचो, “चालतोय की!” आता या शब्दाकडे जरा नीट बघा.

फ्रिज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर वायू दाबतो, दाबलेला वायू तापतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांमधून फिरताना ती उष्णता स्वयंपाकघरात सोडून त्याचा द्रव होतो. तो द्रव एका केसासारख्या बारीक नळीतून पुढे गेला की दाब एकदम उतरतो, द्रवाची वाफ होते आणि वाफ होताना ती आतली उष्णता शोषून घेते. मग पुन्हा कॉम्प्रेसर. घाम वाळताना गार वाटतं ना, तेच तत्त्व.

म्हणजे दिवा लागला, घरघर आली, बर्फ झाला, यातली कुठलीही गोष्ट ‘चालतोय’ याचा पुरावा नाही. फ्रिजचं काम एकच आहे: खालचा कप्पा पाच अंशांच्या आत ठेवायचा. त्यापुढे जंतूंची वाढ भराभर होते. आणि हे काम तो किती वीज खाऊन करतो, हा दुसरा प्रश्न. हे दोन्ही आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, मोजावे लागतात. फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्लग आणि बोर्डाच्या मध्ये लावायचा छोटा वीजमीटरही मिळतो. आमच्याकडे वीस वर्षांतली पहिली सतरा वर्षं यातलं काही नव्हतं.

पहिला हिशेब

२०२१ मध्ये लॉकडाऊनच्या कंटाळ्यात मी मीटर लावला. आठवडाभराची सरासरी दिवसाला १.९ युनिट आली. वर्षाचे झाले साधारण ६९०. दुकानात त्याच मापाच्या नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २४० युनिट लिहिलं होतं. लेबलचा आकडा ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचा असतो. आपल्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला, दार दहादा उघडणारं, म्हणून मी ३०० धरले. फरक ३९० युनिटचा.

एका युनिटचा दर काय धरायचा? इथे बहुतेकांची चूक होते. आपण एकूण बिल भागिले एकूण युनिट असं करतो. पण घरगुती दर टप्प्यांचे असतात: पहिले १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. टप्पा चढला की दर चढतो. वाचलेली युनिटं ही नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून वजा होतात, म्हणजे ती सरासरीपेक्षा महाग असतात. मी सोयीसाठी १० रुपये धरले. जुना फ्रिज ठेवल्याबद्दल मी वर्षाला ३,९०० रुपये जास्त भरत होतो.

आता दुसरी बाजू. नवा फ्रिज २८,०००, जुन्याचे दोन हजार सुटतील असं धरून २६,०००. तो बारा वर्षं टिकेल असं समजू. वर्षाला २,२०० च्या आसपास. पण हे पैसे मुदत ठेवीत असते तर व्याज मिळालं असतं. सात टक्क्यांनी तेही धरलं की नव्या फ्रिजचं ‘वर्षाचं भाडं’ सुमारे ३,३०० पडतं.

म्हणजे ३,९०० विरुद्ध ३,३००. नवा थोडा स्वस्त. पण थांबा. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. मागची जाळी सतरा वर्षांच्या धुळीने भरली होती, ती ब्रशने साफ केली आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मग दारात दहाची नोट ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. ती अलगद निघाली. याचा अर्थ दाराचं रबर सैल झालंय, आत दिवसभर गरम हवा जातेय. रबर बदलायला बाराशे रुपये लागले. पुन्हा मीटर लावला तर १.६.

आता फरक २८० युनिटांवर आला, म्हणजे २,८०० रुपये. बाराशेचं रबर तीन वर्षांत वाटलं तर वर्षाला ४००. एकूण ३,२००. समोर ३,३००. बरोबरी! बरोबरी झाली तर माझा कौल जुन्याला, कारण नव्या फ्रिजचं लोखंड, तांबं, प्लास्टिक यांनाही वीज आणि कोळसा लागतोच, तो आपल्या बिलात दिसत नाही इतकंच. तेव्हा २०२१ चा निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणेन.

हा हिशेब तुम्ही तुमचे आकडे घालून करा. माझं उत्तर तुमचं उत्तर नव्हे. एकदारी, डायरेक्ट कूल फ्रिज मुळातच कमी खातो, तिथे जुना ठेवणं अनेकदा परवडतं. आणि एक लक्षात ठेवा: ऊर्जाबचतीची स्टार लेबलं आपल्याकडे २००६ मध्ये आली, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ती २०१० पासून सक्तीची झाली आणि त्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले. त्यामुळे २०१२ चे पाच स्टार म्हणजे आजचे पाच स्टार नव्हेत. स्टार मोजू नका, लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा वाचा.

ढिगाचा पेच

आता माझी चूक. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसचा युबुलिडीस नावाचा तर्कपंडित होता. त्याच्या नावावर एक कोडं आहे. वाळूचा ढीग आहे. एक कण काढला, ढीगच राहिला. आणखी एक काढला, तरी ढीगच. एका कणाने काय फरक पडतो? असं करत शेवटी एकच कण उरतो आणि तोही ‘ढीग’ म्हणावा लागतो. ढीग नेमका कुठे संपला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

जुना होणारा फ्रिज म्हणजे हा ढीग. काल पाच अंश, या महिन्यात साडेपाच, मग सहा. कोथिंबीर एक दिवस आधी काळी पडते. दूध सकाळऐवजी रात्रीच तापवावं लागतं. आपण नॉब एक आकडा पुढे करतो. प्रत्येक पायरीवर ‘कालच्याइतकंच आहे की’ हे खरं असतं. आणि पायऱ्यांची बेरीज कुणी करत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बर्फ होईना. मेकॅनिक आला, म्हणाला, “काका, गॅस संपलाय.” २,८०० रुपये देऊन गॅस भरला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा तेच. या वेळी ३,०००. मी कुरकुरलो, पण भरले. का भरले? कारण नोव्हेंबरात २,८०० घातले होते ना! आता सोडून दिलं तर ते वाया जातील. वर्गात मी मुलांना शिकवायचो की गेलेला पैसा हा पुढच्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, कारण तुम्ही काहीही ठरवलंत तरी तो परत येत नाही. घरी तोच मुद्दा आठवला नाही.

आणि मुळात विचारायला हवा होता असा प्रश्न मी विचारलाच नाही. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. ती बंद नळी आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. गळती बाहेरच्या जोडावर असेल तर झाळून बंद करता येते. भिंतीच्या आत, फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ‘गॅस संपलाय’ असं कुणी म्हटलं की एवढंच विचारा: “गेला कुठून?”

जे कागदावर नव्हतं

एप्रिलमध्ये सौ.ची साखर वाढली. खाण्यात बदल नाही, डोस तोच. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, “इन्सुलिन कुठे ठेवता?” मी म्हटलं, फ्रिजमध्ये. “फ्रिजचं तापमान किती?” मला सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी थर्मामीटर आणला. रात्रभर ठेवला. सकाळी १४ अंश. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठूही द्यायचं नसतं. आमच्याकडे दोन महिन्यांचा साठा त्या फ्रिजमध्ये किती आठवडे तसाच पडून होता, कुणाला ठाऊक. साखर त्यामुळेच वाढली असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, सांगणं शक्यही नव्हतं. पण साठा फेकून नवा घ्यायला लावला. औषध बदललं, पुढच्या पंधरवड्यात साखर उतरली. मी यावरून काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पण त्या पंधरा दिवसांत मला झोप नीट लागली नाही, हे खरं.

माझ्या २०२१ च्या हिशेबात वीज होती, व्याज होतं, रबर होतं. त्या कपाटात काय ठेवलंय, हेच नव्हतं. ज्या घरात फक्त भाजी आणि ताक आहे आणि ज्या घरात इन्सुलिन आहे किंवा तान्ह्या बाळाचं दूध आहे, त्या दोन घरांना एकच उत्तर कसं लागू होईल? पहिल्या घराचा फ्रिज बिघडला तर कोथिंबीर जाते. दुसऱ्या घराने फ्रिज बिघडायची वाट बघायची नसते.

मग गळती शोधायला लावली. फोमच्या आत निघाली. दुरुस्तीचा अंदाज ७,०००, खात्री दोन वर्षांचीही नाही. समजा दोन वर्षं धरली: वर्षाला ३,५०० अधिक विजेचे २,८००, म्हणजे ६,३००. समोर ३,३००. या वेळी कागदही स्पष्ट बोलत होता. आम्ही नवा घेतला.

जुना कुणाला द्यायचा?

आपल्याकडची पद्धत ठरलेली: नवा आला की जुना कामाच्या बाईंना किंवा गावी. मीही आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना म्हटलं, “दुरुस्त करून देतो, घेऊन जा.” त्या फुलेनगरात राहतात. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “काका, नको. आमचं बिल नव्वद युनिटच्या आत असतं. हा आला की शंभरच्या वर जाईल.”

मी हिशेब केला. त्यांचे नव्वद, आमच्या फ्रिजचे महिन्याला ४८, एकूण १३८. शंभरच्या पुढच्या युनिटांचा दर पहिल्या टप्प्यापेक्षा बराच जास्त. म्हणजे मी ज्या खर्चाला कंटाळून फ्रिज काढत होतो, तो खर्च माझ्यापेक्षा कमी मिळकतीच्या घरात ढकलत होतो आणि वर त्याला दान समजत होतो. त्यांनी ते एका रात्रीत ओळखलं. टप्प्यांचा हिशेब मी जो इतक्या अभिमानाने मघाशी सांगितला, तो त्यांना माझ्याआधीपासून येत होता.

चांगला फ्रिज जरूर द्या. पण देताना त्याचं रोजचं युनिट किती, हे मोजून सांगा आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवा.

उरतो भंगारचा रस्ता. २००४ च्या आमच्या फ्रिजमध्ये आर-१३४ए नावाचा वायू होता. त्याच्या आधीचे फ्रिज आर-१२ वर चालायचे, तो ओझोनचा थर खायचा. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर मागे पडला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. नव्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. त्याचा हा त्रास जवळजवळ नाही. तो ज्वलनशील असतो, म्हणून दुरुस्तीला जाणकारच हवा.

माझ्या दोन वेळच्या भरण्यातला, प्रत्येकी दीडशे ग्रॅम धरला तर, तीनशे ग्रॅम गॅस हवेत गेला. हवामानाच्या दृष्टीने तो सुमारे ४२० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आपल्या देशात एक युनिट विजेमागे अंदाजे ७०० ग्रॅम पडतो. म्हणजे मी सहाशे युनिट वीज उगाच जाळल्यासारखं झालं. भंगारात नळी कापली की उरलेला वायूही असाच जातो. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ पासून लागू आहेत, २०२३ पासून नवे आले. त्यांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा दुकानात एक्स्चेंजचे पैसे किती हे विचारताना, “हा जातो कुठे? अधिकृत रिसायकलरकडे का?” हेही विचारा. मी तीन ठिकाणी विचारलं. एकाने सरळ उत्तर दिलं. भाव त्याने सगळ्यात कमी दिला होता. त्यालाच दिला.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: कॉम्प्रेसर, थर्मोस्टॅट, रबर सगळं बदललं तर तो तोच फ्रिज राहतो का?*

उत्तर: ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहाराचं नाव, असं उत्तर तिथे येतं. निर्णयासाठी मला ते उपयोगी वाटतं. ‘फ्रिज जुना झाला’ असं म्हणू नका. कुठला भाग गेलाय ते विचारा. कॉम्प्रेसरचा स्टार्टिंग रिले गेला तर दुरुस्ती शेकड्यांत होते आणि लोक त्यासाठी अख्खा फ्रिज काढतात. फोममधली नळी गेली तर गोष्ट वेगळी.

*प्रश्न: आमच्या आईने घेतलेला फ्रिज आहे. काढवत नाही. हे चूक आहे का?*

उत्तर: चूक मुळीच नाही. त्या भावनेची किंमत वर्षाला किती, ते मात्र काढा. हजार रुपये येत असतील तर आनंदाने भरा, आपण याहून निरर्थक गोष्टींवर जास्त घालवतो. फक्त आत औषध ठेवू नका.

*प्रश्न: थोडक्यात सांगायचं तर नेमकं कधी बदलायचा?*

उत्तर: ढिगाच्या पेचातून सुटायचा एकच मार्ग मला माहीत आहे: रेघ आपण आखायची आणि ती आधी आखायची. फ्रिज बंद पडतो तो दिवस ठरवायला सगळ्यात वाईट. दूध नासत असतं, दुकानदाराला आपली घाई दिसत असते. नव्या फ्रिजच्या वॉरंटी कार्डाला मी एक कागद टाचला आहे. त्यावर चार ओळी आहेत. खालच्या कप्प्यात सलग तीन दिवस आठ अंशांच्या वर गेला तर इन्सुलिन त्याच दिवशी मुलीकडे हलवायचं आणि मेकॅनिक बोलवायचा. गॅस कमी निघाला तर गळती सापडल्याशिवाय भरायचा नाही. दुरुस्तीचा वर्षाला पडणारा खर्च अधिक जास्तीची वीज ही नव्याच्या वर्षाच्या भाड्याच्या पुढे गेली की बदलायचा. आणि दर दिवाळीला जाळी झाडायची, नोट ओढून बघायची, मीटर लावायचा.

सौ.ने तो कागद वाचला आणि खाली पेनने पाचवी ओळ लिहिली: “थर्मामीटर रोज मी बघणार.” ते बरंच झालं, कारण माझ्यावर सोपवलेलं वीस वर्षांत काय झालं ते तुम्ही ऐकलंतच.